आज लिफ्ट शिकते आहे

सकाळी इमारतीच्या तळमजल्यावर ती पाटी लागली आणि रहिवाशांनी मुकाट्याने जिना धरला. पाटीवर टपोऱ्या अक्षरांत एवढंच होतं: "आज लिफ्ट शिकते आहे." दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला चष्मेवाला तेवढा पाटीसमोर थबकला. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला जिन्याकडे वळवलं आणि चढता चढता समजावलं, "मास्तरांचा नवा शिष्य तयार झालाय. चला, गुडघ्यांना चांगलं असतं."

मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेच्या फळ्यापुढे पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी लिहिले ते लिफ्टचे प्रोग्राम. कुठल्या मजल्यावर थांबायचं, आधी कोणाला घ्यायचं, दार किती वेळ धरायचं, ही सगळी अक्कल त्यांची. ब्रेक, दोर आणि दारांची कुलपं यांचा कारभार वेगळ्या यंत्राकडे. तिथे कोणी बोट घालायचं नाही, हा त्यांचाच दंडक. बापाने एका मोठ्या दुकानाच्या लिफ्टमध्ये पितळी दांडा फिरवत आयुष्य काढलं, लेकाने तोच दांडा प्रोग्राममध्ये घातला. या शहरातला माणूस वर जातो तो आमच्या बाबांच्या कृपेने आणि खाली येतो तो त्यांच्या परवानगीने, असं मास्तरांचा धाकटा मुलगा लहानपणी शाळेत सांगे. पोरांना ते इतकं पटे, की सुट्टीत ती घोळक्याने येऊन दाराआडून मास्तरांना बघून जात.

पण मास्तरांचा खरा जीव लिफ्टमध्ये नव्हता, शिकवण्यात होता. हाताखालचा माणूस तयार झाला असं वाटलं, की त्याचा पहिला पुरा प्रोग्राम ते आधी स्वतःच्या इमारतीत घालत. तोही रविवारी, घरची सगळी मंडळी जेवायला बोलावून. ज्या लिफ्टपायी आपल्या घरचं पान खोळंबत नाही, ती लोकांना खुशाल द्यावी, असं त्यांचं शास्त्र होतं. या रविवारांच्या कथा घरात पिढीजात दागिन्यांसारख्या जपलेल्या. एका शिष्याची लिफ्ट बससारखी प्रत्येक मजल्यावर थांबायची. लोक दारातल्या दारात एकमेकांना वर्तमानपत्रं द्यायला लागले. दुसऱ्याची लिफ्ट माणसांना वर न्यायची, पण खाली आणायचं तिच्या गावीच नव्हतं. दुपारपर्यंत अर्धी इमारत गच्चीवर गोळा झाली, तिथे दोन लग्नं ठरली आणि एक जुनं भांडण मिटलं. ते दोघेही आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि अजून जिनाच वापरतात, असं आक्का सांगते. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. सगळं घर तिला आक्काच म्हणे, आणि दर रविवारी पहिली स्वारी तिची, हा मान तिने कोणाला विचारून घेतलेला नव्हता.

आजचा रविवार शेवटचा होता. पुढच्या आठवड्यात मास्तर निवृत्त होणार होते.

सातव्या मजल्यावर मास्तरांच्या घरी जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं होतं. एका टोकाला आजची शिष्या लॅपटॉप उघडून बसली होती. चणीने एवढीशी, आणि हात क्षणभर थांबत नाहीत, म्हणून ऑफिसात तिला मुंगी म्हणत. लॅपटॉपच्या पडद्यावर लिफ्ट म्हणजे एक हिरवा ठिपका होता, आणि तो तळाशी स्वस्थ उभा होता. तिच्या शेजारी मास्तर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शिष्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. आणि हातांवर विश्वास नाही, म्हणून ते असे त्यांच्यावर बसून राहत.

समोर थोरली बसली होती. ही मास्तरांची लेक, आणि त्याच कंपनीत त्यांची साहेब. ऑफिसात ती त्यांना "मास्तर" म्हणे आणि ते तिला "मॅडम". घरी दोघांनाही संबोधनं बदलायला सूप संपेपर्यंतचा वेळ लागे.

"मॅडम, भात घ्या," मास्तर म्हणाले.

"बाबा, आधी कामाचं बोलते." थोरलीने चमचा खाली ठेवला. "उद्या सकाळी मला वर कळवायचंय. तुमच्या जागेवर ही बसणार, की सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं आणि तुमचं शिकवायचं टेबल उचलायचं. बाहेरची कंपनी तयार आहे. वरच्यांचा कल तिकडेच आहे."

मुंगीने मान वर केली नाही. बोटं मात्र थांबली, आणि ही गोष्ट टेबलावरच्या प्रत्येकाच्या लक्षात आली.

"म्हणजे आज हिची परीक्षा?" धाकट्याने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. तो एका हॉटेलात मुख्य आचारी होता आणि सुट्टीच्या दिवशीही हातातला डाव खाली ठेवत नसे. "ताई, जेवायला बोलावून परीक्षा घेतात का कोणी? निदान पोटभर खाऊ तरी दे तिला!"

"परीक्षा हिची नाहीच." थोरलीने बापाकडे पाहिलं. "यांची आहे. काहीही झालं तरी आज बाबांनी हात लावायचा नाही. एक शब्द सुचवायचा नाही. लिफ्ट हिने चालवली, तर जागा हिची. बाबांनी चालवली, तर मला कळेल की बाबांशिवाय चालत नाही. आणि बाबा तर चालले."

हे ती का म्हणाली, ते तिच्या आईला ठाऊक होतं. थोरलीचाही एक रविवार होता, फार वर्षांपूर्वीचा. तिची लिफ्ट अडली, लेकीचा चेहरा पडलेला मास्तरांना बघवेना, त्यांनी हसत हसत कीबोर्ड ओढून घेतला आणि चुटकीसरशी सगळं सुरळीत केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्राम लिहिणं सोडून कारभाराची वाट धरली, आणि त्यावर या घरात आजवर कोणी अक्षर काढलेलं नव्हतं.

"कबूल," मास्तर म्हणाले.

"मला विचाराल तर टेबल उचलाच," मास्तरांची बायको म्हणाली. पोहायला शिकवणं हा तिचा पेशा, त्यामुळे तिचा साधा आवाजही तलावाच्या पलीकडच्या काठाला पोचे. "इतकी वर्षं परक्यांची पोरं शिकवली. आता जरा घरात बसा. मला कंटाळा आला की भांडायला कोणीतरी हवंच आहे."

"आई ताईच्या बाजूने," धाकट्याने जाहीर केलं. "मी बाबांच्या. मुंगीताई, तुम्ही घाबरू नका, सामना बरोबरीत आहे."

एवढ्यात टेबलावर मिठाच्या भांड्याला टेकवून ठेवलेला फोन वाजला. आक्का खाली पोचली होती.

"बंड्या, निघाले रे मी," फोनमधून आवाज आला. मास्तरांना बंड्या म्हणणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर आता तेवढं एकच उरलं होतं. "दार छान लागलं हो पोरी. आवाज नाही काही नाही. चालली... चालली... पाच आला... हां, थांबली." जरा वेळ गेला. "अरे, पण हा सहावा आहे!"

सगळ्यांच्या नजरा लॅपटॉपकडे वळल्या. पडद्यावरचा हिरवा ठिपका सहाव्यावर उभा होता.

"आक्का, एक जिना चढून या ना," धाकटा म्हणाला.

"मी बरी येईन! लिफ्ट सातव्यावर आणते म्हणालात, तर सातव्यावरच उतरणार. मी परत बटण दाबते."

ठिपका हलला. पण वर नाही, खाली. सरळ तळमजल्याला जाऊन उभा राहिला.

"आले रे मी खाली," आक्काने कळवलं. "जेवण झाकून ठेवा."

मास्तरांच्या डोक्यात एव्हाना लख्ख उजेड पडला होता. सातव्याऐवजी सहावा! मजले मोजताना पोरगी कुठेतरी शून्यापासून सुरू झाली आणि कुठेतरी एकापासून. सगळा हिशेब एकाने मागे. ही चूक त्यांनी इतक्या शिष्यांच्या हातून बघितली होती, की तिला नुसत्या वासावरून ओळखलं असतं. कोणत्या ओळीत काय बदलायचं, तेही त्यांना दिसत होतं. नुसता एक आकडा. मांडीखालचे हात वळवळले. मास्तरांनी बूड आणखी दाबलं.

तिसऱ्या खेपेला आक्का सातव्याच्या समोरून गेली. लिफ्टच्या दाराच्या काचेतून तिचा हिरवा स्कार्फ सरकताना धाकट्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, हातही हलवला, आणि तिनेही हलवला. लिफ्ट नवव्यावर जाऊन थांबली.

"इथे कुत्रेवाले आहेत," फोन म्हणाला. "यांनीच बोलावली लिफ्ट. म्हणतात, बघावं म्हटलं तुम्ही कशा दिसता. छान माणसं आहेत. मला खुर्ची दिली."

"लिफ्टमध्ये?"

"मग कुठे! बसायला नको का? आता मी खुर्चीवर बसून फिरणार."

बातमी जिन्याने इमारतभर पसरली. चौथ्या मजल्यावर आक्काला चहा मिळाला. दुसऱ्यावर त्या चष्मेवाल्याने, आपण नवीन आहोत, तेव्हा ओळख व्हावी म्हणून, लिफ्ट बोलावून तिला नमस्कार केला. सातवा सोडून सगळ्या मजल्यांवर तिचं जोरदार स्वागत झालं. पुढे ही गोष्ट सांगताना आक्का म्हणायची, की त्या दुपारी एका मजल्यावर तिच्या हस्ते वाचनालयाचं उद्घाटन झालं. एवढं काही झालं नव्हतं. एका बाईने तिला पुस्तक दाखवलं होतं, इतकंच.

सातव्यावर मात्र हवा बदलत होती.

पहिला फितूर झाला धाकटा. "बाबा, तुम्हाला कळलंय काय झालंय ते. तुमच्या मिशीवरून दिसतंय. सांगून टाका ना! आक्का उपाशी आहे, सूपवर साय धरली. ताई, एक शब्द बोलू दे त्यांना."

"नाही," थोरली म्हणाली. पण तिचा आवाज मघासारखा खणखणीत नव्हता. मुंगीच्या मानेतला ताण ती ओळखत होती. त्या खुर्चीत आपण बसलो होतो तेव्हा पाठीत अशीच कळ भरली होती, हे तिला आठवलं, आणि पहिल्यांदाच तिला वाटून गेलं, की बाबांनी हात लावावा. लावावा, आणि मग आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून मोकळं व्हावं. इतकं सोपं असतं ते.

मास्तरही तेच म्हणत होते, मनात. नुसता एक आकडा. पोरीची नोकरी, टेबल, सगळं त्या एका आकड्यावर. उजवा हात मांडीखालून निसटला आणि टेबलाच्या कडेपर्यंत आला.

त्यावर बायकोचा तळवा सपकन पडला.

"खबरदार! तिला बुडू द्या जरा."

"अगं, तू तर टेबल उचला म्हणत होतीस!"

"ते टेबलाबद्दल. ही पाण्यात आहे. पाण्यात असलेल्याला मी काठावरून कोणाला ओढू देत नाही. पाय मारतेय ती, दिसत नाही का तुम्हाला? धाकट्या, तू आत जा आणि सूप गरम कर!"

धाकटा आत गेला. मास्तरांचा हात मुकाट्याने मांडीखाली परतला.

मुंगी इतका वेळ पडद्यावरच्या ओळी वर-खाली करत होती. मजल्यांच्या हिशेबापाशी ती दोनदा आली, दोनदा पुढे गेली. मास्तर दोन्ही वेळा पुढे झुकले. अगं तिथेच, तिथेच घोडं पेंड खातंय! पण तिने चक्क लॅपटॉप बाजूला सारला आणि मिठाच्या भांड्याकडे झुकली.

"आक्का, ऐकू येतंय? मला एक सांगा, तुम्ही बटण कसं दाबता?"

"कसं म्हणजे? बोटाने."

"हो, पण अगदी पहिल्यापासून सांगा ना. आत शिरता, मग?"

"मग सात दाबते. दिवा लागतो. मग जरा वर गेलं, की पुन्हा एकदा दाबते. मघाशी सहाव्यावर तर जागीच लागोपाठ दोनदा दाबलं."

"पुन्हा का?"

"पुन्हा का म्हणजे? पक्कं करायला! जन्मभर शिवणकाम केलंय पोरी, टाका घातला की उलटून दुसरा घालायचा, नाहीतर कापड पहिल्या धुण्यात हातात येतं. कुलूप मी दोनदा ओढते, गॅस दोनदा बघते. या बंड्याला लहानपणी हाकसुद्धा दोनदा मारायचे."

मुंगीचे डोळे हळूहळू मोठे झाले. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून धाकटा पाणी घेऊन धावत आला. ती हसत होती.

"मीच घातलंय ते! मीच!" ती म्हणाली. "एकदा दाबलं तर मजला धरायचा, तेच बटण परत दाबलं तर सोडून द्यायचा. चुकून भलता मजला दाबला गेला, तर माणूस अडकू नये म्हणून. मला वाटलं, लोकांची केवढी सोय होईल! आक्का पाचव्यापाशी टाका पक्का करतात, आणि लिफ्ट बिचारी समजते, यांना जायचंच नाही. मग मिळेल त्या मजल्यावर दार उघडते, कोणी बोलावलं तर तिकडे जाते, आणि काहीच नसेल तर आपली घरी, तळमजल्यावर."

"म्हणजे मजले मोजण्यात..." मास्तरांच्या तोंडून निघालंच.

"बाबा!" थोरली ओरडली.

"...काही चूक नाही, असं म्हणत होतो," मास्तरांनी कसंबसं वाक्य सावरलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो एक आकडा त्यांनी बदलला असता, तर उद्यापासून अख्खी इमारत शेजाऱ्यांच्या घरात जेवायला गेली असती. आणि या विचाराने त्यांना लाज वाटायच्या ऐवजी आनंदाची अशी काही उकळी फुटली, की ती दाबायला मांडीखालचे हात पुरेनात. पोरीने बघितलं होतं ते त्यांना दिसलंच नव्हतं! आजवर प्रत्येक शिष्य शेवटी तिथे पोचायचा, जिथे मास्तर आधीच जाऊन बसलेले असत. ही दुसरीकडेच पोचली होती.

"चला, सुटलं एकदाचं!" धाकट्याने डाव उंचावला. "आक्का, एकदाच दाबा आणि या वर."

"हो, तेवढं सांगून टाक तिला," थोरली मुंगीला म्हणाली. तिने ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पण नजर मुंगीवरून हलवली नाही. "एकदाच दाबायचं. काम झालं. जेवू या."

मुंगीने मान हलवली. "नाही मॅडम. सांगितलं तर आक्का वर येतील. पण लिफ्ट तशीच राहील."

"आणि मी एकदाच दाबणारही नाही!" फोन कडाडला. "या वयात कच्चा टाका घालायला शिकू की काय?"

"बघा. प्रत्येक इमारतीत एक आक्का असणार. तिला कोण फोन करणार?" मुंगीने लॅपटॉप पुन्हा ओढला. आता तिचा आवाज वेगळाच होता. त्याला हुकूम सोडायची सवय आधीपासून असावी, असा. "आक्का, आत्ता कुठे आहात? चौथ्यावर? खुर्ची घेऊन बाहेर या आणि बाहेरच बसा. मी सांगेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. दादा, खाली जाऊन दारात उभे राहा, कोणी आत जाता कामा नये."

"मी?" धाकटा म्हणाला, आणि डाव घेऊनच पळाला.

मुंगीने लिहिलं. दोनदा दाबा, दहादा दाबा, मजला सुटणार नाही. सोडायचाच असेल तर बटण दाबून धरून ठेवायचं. लिहिलेलं तिने पुन्हा वाचलं, मग लिफ्टमध्ये चढवलं. रिकामी लिफ्ट एकदा सगळ्या मजल्यांवरून फिरवून आणली. मग स्वतः जिना उतरून खाली गेली आणि धाकट्यासह लिफ्टमध्ये बसून सातव्यावर आली, येताना भरमसाठ वेळा बटण दाबत. तेव्हा कुठे तिने फोन हातात घेतला.

"आक्का, बसा. आणि मनसोक्त दाबा."

सगळे लिफ्टच्या दारापुढे गोळा झाले. थोरली पुढे, तिच्यामागे आई, आणि मास्तर सर्वांत मागे, टाचा उंचावून. फोनमधून बटणाचा आवाज येत होता. टक. मग जरा थांबून टक. मग, परीक्षेला बसवल्याचा राग असावा, टक टक टक टक.

दार उघडलं. आक्का खुर्चीवर बसली होती, मांडीवर कोणीतरी दिलेला पुष्पगुच्छ, आणि दोन्ही बाजूंना चौथ्या मजल्यावरचे यजमान, पाहुणीला घरी पोचवायला आलेले.

"हा सातवा का?" तिने विचारलं. "नक्की?"

मग जो आरडाओरडा झाला, तो रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत ऐकू गेला, आणि तिथल्या लोकांनीही, कशासाठी ते ठाऊक नसताना, खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या.

थोरलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मुंगीपाशी गेली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "उद्या सकाळी मी वर कळवते. जागा तुझी. बाहेरच्या कंपनीला नाही म्हणून सांगते." मग जरा खालच्या आवाजात, "तू नाही म्हणालीस ना, एकदाच दाबा सांगायला, तेव्हाच ठरलं होतं. त्यानंतर तू नुसती मिरवत होतीस."

"मॅडम, माझी एक अट आहे."

"आताच? अजून जेवलीही नाहीस!" मास्तरांची बायको खूश होऊन म्हणाली. "घाल अट, घाल."

"मला वेगळी खोली नको. मास्तरांचं टेबल आहे तिथेच राहू दे. आणि बाजूला एक खुर्ची रिकामी हवी."

"कोणासाठी?"

"जो शिकायला येईल त्याच्यासाठी."

थोरलीने मान डोलावली. ती डोलावताना तिने बापाकडे पाहिलं, आणि बापाने आपले दोन्ही हात, जणू ते कोणाचे आहेत हे विसरून, तिच्या डोक्यावर ठेवले. हे या घरात बऱ्याच वर्षांनी घडत होतं, म्हणून आक्कानेसुद्धा त्यावर काही शेरा मारला नाही.

मग मास्तर मुंगीकडे वळले.

"ती खुर्ची," ते म्हणाले, "उद्या रिकामीच आहे ना?"

"उद्या? हो."

"मग मी येऊ? ते आक्काला विचारायचं तुला कसं सुचलं, ते मला कळलेलं नाही. प्रोग्राम पुढ्यात असताना तू तो बाजूला सारलास. मी नसता सारला."

सगळे हसले. धाकटा तर इतका हसला, की डाव त्याच्या हातातून पडला. मास्तर हसत नव्हते. मुंगीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि तिच्याही ते लक्षात आलं.

"या," ती म्हणाली. "पण वेळेवर या, मास्तर. आणि मी आधी सांगणार नाही काही. मी विचारीन, तुम्ही शोधायचं."